उन्हाचा हिशेब मांडणारा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर तुळजापूर तालुक्यात अणदूर हे गाव आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील या गावाची ओळख महाराष्ट्राला आहे ती तेथील खंडोबामुळे. या खंडोबाचे वैशिष्ट्य असे, की देव एक आणि ठाणी दोन. वर्षातील मोठा काळ मूर्ती अणदूरला असते आणि उरलेला काळ जवळच्या नळदुर्गनजीक मैलारपुरी. येळकोटाच्या गजरात, भंडाऱ्याच्या उधळणीत देव एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात जातो आणि ठरल्या काळाने परत येतो. या नेण्या-आणण्याबाबत दोन्ही ठिकाणच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो, हा या परंपरेचा आणखी एक विशेष.

अशा प्रवासी देवांकडे कुतूहलाने पाहणारा एक थोर गणिती महाराष्ट्राने पाहिला. पंढरीच्या पालख्या ज्या वाटांनी जातात, त्यांतील काही वाटा प्रागैतिहासिक काळातील माणसांच्या ऋतुमानाप्रमाणे होणाऱ्या स्थलांतराच्या असाव्यात, असा विचार त्याने साधार मांडला. त्याच माणसाने आपल्या आयुष्याच्या अखेरच्या दशकात, देश अणुशक्तीच्या स्वप्नाने भारावलेला असताना, आपल्या माथ्यावर तळपणाऱ्या सूर्याकडे बोट दाखविले. त्याचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. परंतु प्रकाशापासून वीज मिळविण्याच्या विद्येशी त्यांचे नाते दुहेरी आहे, याची आठवण फारशी कुणी ठेवलेली नाही.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे साखवाळ गावचे. बुद्धाच्या शोधात घरदार सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घालणारे हे पालीचे महापंडित. हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी पाचारण केले. १९१८ साली ते पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरला त्यांनी बरोबर नेले. पुण्याच्या शाळेतून हा मुलगा थेट मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या शाळेत दाखल झाला. मध्यंतरी काही काळ भारतात घालवून तो परत गेला आणि १९२९ साली हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन बाहेर पडला. गणिताबरोबर त्याने अनेक युरोपीय भाषा आत्मसात केल्या होत्या. जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारख्या गणितज्ञाचे मार्गदर्शन आणि नॉर्बर्ट वीनर यांची मैत्री ही त्या काळाची मिळकत.

स्वदेशी परतल्यावर कोसंबींनी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन केले. पुढे तरुण फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांच्या बोलावण्यावरून ते अलीगढला गेले. तेथील एक गंमत गणिताच्या इतिहासात नोंदली गेली आहे. एका सहकाऱ्याची खोड मोडण्यासाठी वेल यांच्या सूचनेवरून त्यांनी बुर्बाकी नावाच्या काल्पनिक गणितज्ञाच्या प्रमेयावर १९३१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पुढे फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका नामांकित मंडळाने हेच नाव धारण केले आणि ते जगभर गाजले. १९३३ मध्ये कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. तेथे वडिलांनी पूर्वी पाली शिकविली होती. मुलगा गणित शिकवू लागला. शिक्षक म्हणून ते कडक होते. सामान्य विद्यार्थ्यांना त्यांचा वेग झेपत नसे, आणि आपला वेग कमी करणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

फर्ग्युसनमधील बारा वर्षांत त्यांच्या हातून जे काम झाले, त्याचा आवाका थक्क करणारा आहे. भर्तृहरीच्या शतकांच्या शेकडो हस्तलिखितांतून शुद्ध पाठ सिद्ध करण्याच्या कामाला त्यांनी हात घातला. आहत नाण्यांचा अभ्यास त्यांनी मांडला तो तर पूर्णपणे स्वतःच्या पद्धतीने. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, झिजते तसे हलके होते. मग हजारो नाणी नाजूक तराजूत तोलली, तर कोणती नाणी अधिक काळ चलनात होती हे वजनच सांगेल, असा त्यांचा सरळ तर्क होता. तो पडताळण्यासाठी त्यांनी त्या वेळच्या चालू चलनातील नाणीसुद्धा तोलून पाहिली. ग्रंथांत ज्यांचा पत्ता नाही अशा राजवटींचा मागमूस त्यांनी या वजनांच्या कोष्टकांतून काढला. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकीत एक सूत्र दिले. गुणसूत्रावर दोन जनुके परस्परांपासून किती अंतरावर आहेत, याचा अंदाज बांधणारे हे सूत्र आजही कोसंबींच्या नावाने ओळखले जाते आणि पिकांच्या सुधारित वाणांवर काम करणारे संशोधक ते वापरतात.

याच काळातील, १९४३ सालचा त्यांचा एक निबंध आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. एखादी राशी काळानुसार वेडीवाकडी बदलत असेल, तर तिच्या आलेखावर असंख्य बिंदू असतात. एवढ्या पसाऱ्यातून अर्थ काढायचा कसा? कोसंबींनी दाखविले, की असे आलेख मोजक्या मूळ वक्रांच्या मिश्रणातून उभे करता येतात, आणि हे मूळ वक्र कोणते, त्यातील प्रत्येकाचा वाटा किती, हे गणिताने ठरविता येते. गर्दीतून चार प्रमुख आवाज वेगळे काढावेत, तसे हे तंत्र. पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या दोघा युरोपीय गणितज्ञांनी स्वतंत्रपणे तेच काम केले आणि त्यांचीच नावे त्याला चिकटली. अलीकडे काही अभ्यासक त्यात कोसंबींचे नाव आवर्जून जोडतात. महायुद्धाच्या काळात भारतीय नियतकालिकात छापलेला निबंध जगाच्या नजरेतून सुटला, यात नवल नाही.

होमी भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली, तेव्हा गणितासाठी त्यांनी ज्यांना प्रथम बोलावले त्यांत कोसंबी होते. दोघांचे आरंभीचे संबंध परस्परांविषयीच्या आदराचे होते. १९४८-४९ मध्ये कोसंबी शिकागो आणि प्रिन्स्टन येथे जाऊन आले. आइन्स्टाइन यांच्याशीही त्यांची चर्चा झाली. पुण्यातील घर मात्र त्यांनी सोडले नाही. डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे, संध्याकाळी परतायचे आणि प्रवासात वाचन-लेखन करायचे, हा त्यांचा परिपाठ पुणेकरांच्या आख्यायिकांचा विषय झाला. सुटीच्या दिवशी हातात काठी घेऊन ते टेकड्या तुडवीत, गारगोट्यांची सूक्ष्म हत्यारे वेचीत, धनगर-गुराख्यांशी त्यांच्या देवांविषयी बोलत. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासावरील त्यांच्या ग्रंथाने राजांच्या वंशावळी बाजूला सारून नांगर, गाय, धान्य आणि श्रम यांना इतिहासाच्या मध्यभागी आणले.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९५६ मध्ये, तुर्भे येथे अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. नवस्वतंत्र देशाच्या अभिमानाचा तो क्षण होता. टाटा संस्था तर अणुशक्ती कार्यक्रमाचे पाळणाघरच. अशा वेळी त्याच संस्थेतील एक प्राध्यापक जाहीरपणे वेगळा सूर लावू लागला. जागतिक शांतता चळवळीत कोसंबी सक्रिय होते, त्यामुळे अण्वस्त्रांना त्यांचा विरोध सर्वश्रुत होता. मात्र विजेसाठी अणुशक्ती वापरण्यालाही त्यांनी आक्षेप घेतला, आणि तो हिशेबाच्या पायावर घेतला. १९६० साली पुण्यातील रोटरी क्लबपुढे त्यांनी या विषयावर भाषण केले. १९६४ मध्ये अविकसित प्रदेशांसाठी सौरऊर्जा या विषयावर लेख लिहिला.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता. अणुभट्टी महाग, तिचे तंत्र परक्यावर अवलंबून आणि तिच्या उत्सर्गाचा धोका दीर्घकाळचा. याउलट भारतासारख्या उष्ण प्रदेशात सूर्यप्रकाश अमाप आहे आणि तो आधीच गावोगाव पोहोचलेला आहे. त्याला तारा ओढून नेण्याचा खर्च नाही. सरपणासाठी जंगले तुटतात, शेण जमिनीला मिळण्याऐवजी चुलीत जाते, हा ग्रामीण भारताचा खरा ऊर्जाप्रश्न असून त्याचे उत्तर विखुरलेल्या, स्थानिक ऊर्जेत आहे. हे काम खेडुताला एकट्याने जमणारे नाही, त्यासाठी शास्त्रज्ञांनी झटले पाहिजे, याचीही त्यांना पुरती जाण होती. पन्नाशीच्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने तयार केलेली सूर्यचूल लोकांच्या पसंतीस उतरली नव्हती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली जाहीर केलेला सिलिकॉनचा सौरघट पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम सहा टक्के ऊर्जेची वीज करीत असे, आणि तो इतका महाग होता, की उपग्रहांखेरीज कुणाला परवडत नसे.

मोजणे हा कोसंबींचा धर्म होता. तेव्हा आपणही थोडे मोजून पाहू. धाराशिवसारख्या जिल्ह्यात वर्षाच्या सरासरीने एक चौरस मीटर जमिनीवर दिवसाकाठी सुमारे पाच युनिट एवढी सूर्याची ऊर्जा पडते. म्हणजे दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अंगणात रोज पाचशे युनिट. १९५४ च्या सौरघटांनी त्यांतील तीस युनिट वीज दिली असती. आजच्या बाजारातील वीस टक्के क्षमतेचे घट शंभर युनिट देतात. अंगण तेच, ऊन तेच; वाढली ती ऊन पकडण्याची विद्या.

या विद्येचा अगदी आतला भाग कसा चालतो, हे समजून घेण्यासाठी अणदूरच्या देवाची उपमा, उपमेच्या मर्यादेत राहून, उपयोगी पडते. अर्धवाहक पदार्थावर प्रकाश पडला, की त्यातील इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर चढतो आणि आपल्या जागी एक पोकळी सोडतो. तो तसाच राहिला, तर क्षणार्धात पोकळीत परत कोसळतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णतेच्या वा प्रकाशाच्या रूपाने वाया जाते. वीज हवी असेल, तर कोसळण्याआधीच त्याला दुसऱ्या ठाण्यात न्यावे लागते. झाडाचे पान प्रकाशसंश्लेषणात हेच करते, सौरघटही हेच करतो.

गेल्या चार दशकांत ही दोन ठाणी विलक्षण लहान करण्याची किमया शास्त्रज्ञांना साधली आहे. क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा अवघा काही नॅनोमीटर आकाराचा स्फटिक. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. एवढ्या कोंडलेल्या जागेत इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या स्फटिकाच्या आकारावर ठरतात. त्यामुळे एकाच पदार्थाचे लहान कण निळसर आणि मोठे कण तांबूस प्रकाश देतात. अलेक्सी एकिमोव्ह यांनी १९८१ च्या सुमारास काचेत, तर लुई ब्रुस यांनी त्यानंतर लवकरच द्रावणात असे कण ओळखले. १९९३ मध्ये मौंगी बावेंडी यांनी ते एकसारख्या आकाराचे बनविण्याची रीत दिली. या तिघांना २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन वेगवेगळ्या डॉटच्या ऊर्जापातळ्या योग्य रीतीने जुळविल्या, तर प्रकाश पडताच एकातील इलेक्ट्रॉन शेजारच्या डॉटमध्ये उतरतो आणि पोकळी मागे राहते. हा प्रवास किती वेगाने होईल, हे दोन पातळ्यांतील फरकावर आणि दोन कणांमधील अंतरावर अवलंबून असते. कणांभोवती सेंद्रिय रेणूंचे आवरण असते. ते किंचित जाड झाले, तरी हस्तांतराचा वेग झपाट्याने घटतो. आवरण फारच पातळ केले, तर कण एकमेकांना चिकटतात आणि इलेक्ट्रॉनला परत फिरण्याची वाटही तितकीच सोपी होते. जाणे वेगाने व्हावे आणि परतणे सावकाश व्हावे, ही या क्षेत्रातील सर्व खटपट. अणदूर-मैलारपूरच्या करारात देवाच्या परतीचा काळ ठरलेला असतो. इलेक्ट्रॉनशी असा करार करणे हे शास्त्रज्ञांपुढचे आव्हान आहे.

हा प्रवास सेकंदाच्या अब्जाव्या भागात, कित्येकदा त्याहूनही कमी वेळात घडतो. तो टिपण्यासाठी लेसरचा एक अतिसूक्ष्म झोत पाठवून इलेक्ट्रॉनला जागे करतात आणि लगोलग दुसरा झोत पाठवून प्रकाशाच्या कोणत्या रंगाचे किती शोषण झाले, ते नोंदवितात. दोन झोतांतील अवधी बदलत हेच पुनःपुन्हा केले, की हजारो आकड्यांचे एक मोठे कोष्टक तयार होते. त्यात जाणारे इलेक्ट्रॉन, परतणारे इलेक्ट्रॉन आणि निव्वळ गोंगाट यांची सरमिसळ असते. ती सोडविण्यासाठी संशोधक जे गणित वापरतात, ते कोष्टकाचे मोजक्या मूळ वक्रांत विघटन करते. हे गणित आणि कोसंबींचे १९४३ सालचे तंत्र हे एकाच कुळातले. ज्या सूर्यप्रकाशाची त्यांनी वकिली केली, त्याच्या सूक्ष्मतम कामगिरीचा उलगडा होताना त्यांच्या विचाराचा धागा असा नकळत हाती येतो. कोसंबींच्या हयातीत क्वांटम डॉट हा शब्दही नव्हता. हा योग त्यांना पाहता आला नाही.

सौरऊर्जेच्या वकिलीची किंमत त्यांना मोजावी लागली, असे मानणारे पुष्कळ आहेत. १९६२ साली टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे वाढविला नाही. त्यामागे एकच कारण होते असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. भाभांशी मतभेद वाढले होते, हे खरे. परंतु कोसंबींचा तापट स्वभाव, इतिहासाकडे वळलेले त्यांचे लक्ष आणि गणितातील एक मोठी चूक यांचाही त्यात वाटा होता. रीमान यांचे सुप्रसिद्ध गृहीतक आपण सिद्ध केले, असा दावा त्यांनी १९५९ मध्ये शेतकी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकातून केला. ती सिद्धता टिकली नाही आणि गणितज्ञांच्या वर्तुळात त्यांची प्रतिष्ठा डागळली. इतरांच्या हिशेबातील चुका निर्दयपणे दाखविणाऱ्या माणसाला स्वतःच्या हिशेबातील चूक दिसली नाही, ही त्यांच्या चरित्रातील खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

नोकरी गेली तरी काम थांबले नाही. १९६२ मध्येच लोकदैवते आणि मिथके यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९६५ मध्ये प्राचीन भारतीय संस्कृतीवरील ग्रंथ आला. १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद पद दिले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीशी ते संलग्न झाले. २९ जून १९६६ रोजी पहाटे, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जानेवारीत होमी भाभा विमान अपघातात मृत्यू पावले होते. एकमेकांपासून दुरावलेले हे दोन असामान्य पुरुष पाच-सहा महिन्यांच्या अंतराने काळाच्या पडद्याआड गेले. जन्मशताब्दीच्या निमित्ताने २००८ साली टपाल खात्याने कोसंबींचे तिकीट काढले.

त्यांच्या म्हणण्याचे काळाने काय केले? तारापूरची अणुवीज १९६९ मध्ये सुरू झाली. त्यानंतर साडेपाच दशकांनी, २०२५ च्या आरंभी, देशाची अणुवीज क्षमता आठ हजार मेगावॉटच्या आसपास होती, तर सौरवीज क्षमतेने त्याच सुमारास एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. हे आकडे पाहून कोसंबी जिंकले असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण स्वतः कोसंबींनी असा अर्धा हिशेब मान्य केला नसता. सूर्य रात्री मावळतो, ढगांत दडतो. अणुभट्टी अहोरात्र चालते. त्यामुळे क्षमतेचे आकडे समोरासमोर ठेवून प्रत्यक्ष विजेची तुलना होत नाही. शिवाय त्यांना अभिप्रेत होती ती गावाच्या मालकीची, विखुरलेली ऊर्जा. आजच्या सौरविजेचा मोठा भाग विस्तीर्ण प्रकल्पांतून येतो आणि तारांनीच दूर जातो. साठवणुकीचा प्रश्नही सुटलेला नाही. विजेच्या घटमालेपासून क्वांटम डॉटपर्यंत सर्वत्र, पकडलेली ऊर्जा निसटू कशी द्यायची नाही, हाच तो प्रश्न आहे.

मराठवाड्याच्या शेतांतून आता सौरपंप दिसू लागले आहेत. पावसाची शाश्वती नसलेल्या या मुलखात ऊन मात्र कधी कमी पडले नाही. शतकानुशतके ते दुष्काळाचे चिन्ह म्हणूनच ओळखले गेले. त्याकडे धन म्हणून पाहा, आणि पाहण्याआधी ते नीट मोजा, हा कोसंबींचा आग्रह होता. झिजलेले नाणे, टेकडीवरची गारगोटी, पालखीची वाट आणि माथ्यावरचे ऊन या सर्वांना त्यांनी एकच कसोटी लावली. अणदूरचा देव यंदाही ठरल्या दिवशी निघेल आणि ठरल्या दिवशी परतेल. त्याच्या वाटेवरच्या एखाद्या शेतात सौरपंपाच्या तावदानावर पडलेला प्रकाश तेव्हा असंख्य इलेक्ट्रॉनांना एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात नेत असेल, आणि त्या विजेवर विहिरीचे पाणी पाटात येत असेल.